दुसरा मजला जरूर बांधा, पण पोरांचे दाखले काढू नका: आमच्या मदरशाच्या ट्रस्टींना खुलं पत्र

मा. अध्यक्ष हाजीसाहेब आणि सगळे ट्रस्टी भाऊ,

अस्सलामु अलैकुम.

पत्र खुलं का लिहितेय ते आधी सांगते. दोनदा ऑफिसात येऊन बसले, दोन्ही वेळा चहा मिळाला, "आपा, फिकर मत करो, बैठके बात करेंगे" असं ऐकून घरी आले आणि ती बैठक काय आजपर्यंत बसली नाही. आता मागच्या जुम्म्याला नमाजनंतर जाहीर झालं म्हणे की दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडणार, वर पोरांची राहायची सोय होणार, आणि रमजान ईदनंतर मदरसा दिवसभराचा होणार, म्हणजे जी पोरं सकाळी आपल्याकडं सबक (कुराणाचा धडा) वाचून मग सरकारी शाळेत जातात त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून आणायचे. स्लॅबला माझी वर्गणी आहे, पावती कपाटात आहे. राहायच्या सोयीलाही हरकत नाही. दाखले तेवढे काढू नका. एवढंच म्हणायचंय, पण एवढंच म्हणून थांबले तर परत चहाच मिळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

नवीन ट्रस्टी दोघंतिघं आहेत, त्यांच्यासाठी सांगते, मी मिरजेचीच. दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर जन्मले, घरात दखनी, शाळेत मराठी, ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवून रिटायर झाले आणि गेली चार वर्षं आपल्याच मदरशात अस्र ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजपासनं सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, मराठी आणि गणित घेते. पगार घेत नाही, त्यामुळं मला काढायचं म्हणलं तरी कुठनं काढणार. पोरं शाळेत शिक्षिकेला बाई म्हणतात, इथं मला आपा म्हणतात, गडबडीत कधी कधी "आपाबाई" निघतं तोंडातनं, ते मला सगळ्यात गोड वाटतं.

सुरुवात आठवा जरा. पत्र्याचं शेड, चौदा पोरं, एक मौलाना आणि एक फळा, तोही कुठल्यातरी शाळेनं भंगारात काढलेला. त्यावेळी यूपी-बिहारची माणसं एकटीच यायची. पीओपी, सेंट्रिंग, फर्निचर, कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्र्या, छाटणीच्या दिवसात तासगावकडच्या द्राक्षबागा. एका खोलीत आठ आठ जण, पाळीपाळीनं भाकरी नाय तर भात, आणि पैसे गावाकडं. पोरं होती ती गावाकडंच होती, त्यामुळं मदरशाला कोण विचारत होतं? मग २०२० चा लॉकडाऊन आला, मे महिन्यात मिरज जंक्शनवरनं श्रमिक स्पेशल गाड्या सुटल्या, आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे घेऊन उभे होतो, वाटलं ही माणसं आता काय परत येत नाहीत. सहाएक महिन्यात आली की परत, आणि यावेळी बायकापोरांसकट आली. एक सेंट्रिंगवाला मला म्हणाला, "आपा, वो दो महीना अकेले काटा है, अब जहाँ रहेंगे सब साथ रहेंगे." आपला मदरसा वाढला तो ह्या एका वाक्यामुळं वाढला असं माझं मत आहे. चंदा, बांधकाम, मेहनत हे सगळं आहेच, त्याला मी नाही म्हणत नाही, पण पोरं आली ती त्या भीतीपायी आली. आज हजेरीवर दोनशेच्या वर नावं आहेत, पूर्णिया, किशनगंज, सिद्धार्थनगर, गोंडा, आणि आता मालदा-मुर्शिदाबादची पण.

आणि आली तेव्हा त्यांना दार उघडलं ते तुम्हीच, हे जाहीर लिहिते. कारण दुसरीकडं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका शाळेत (नाव घेत नाही) मी स्वतः एका आईला घेऊन गेले, तर आधी मागच्या शाळेचा दाखला मागितला, मग आधार, मग जन्माचा दाखला, मग म्हणे जून संपला आता पुढच्या वर्षी या. त्या बाईला कळलं काहीच नाही, फक्त "नाही" एवढं कळलं. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा आहे, त्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही, आणि शाळेत कधीच न गेलेलं पोरगं असेल तर त्याला वयाच्या हिशोबानं वर्गात घ्यायचं आणि जादा शिकवून बरोबरीला आणायचं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्या बुरख्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणलं, "मी तुमच्याच खात्यातनं रिटायर झालेय." प्रवेश मिळाला, पण दरवेळी रिटायर झालेली आपा कुठनं आणायची ह्या लोकांनी. आपल्या मदरशात मात्र मौलानांनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, "खाना खाया?" विचारलं आणि बसवलं. त्यामुळं आईबाप आपल्याकडं धावतात त्यात नवल काय.

पण हाजीसाहेब, हेच आईबाप "फुल टाइम करा" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते तुम्ही विचारलंय का? मी विचारलंय, दहा-बारा घरांत बसून विचारलंय. एक तर दहा बाय दहाची खोली, आई दुसऱ्याची धुणीभांडी नाय तर कोल्ड स्टोरेजच्या शेडात बेदाणा निवडायला, बाप साइटवर, पोरगं दिवसभर कुठं सोडायचं. ती गरज खरी आहे, तिला माझ्याकडं नावं ठेवायला जागा नाही. पण दुसरी जी गोष्ट आहे ती निव्वळ गैरसमज आहे आणि तो तुम्ही दूर करत नाही ही माझी खरी तक्रार आहे. त्यांना वाटतं मदरशातनं दहावी होते. का वाटतं? कारण तिकडं होते! बिहारात मदरसा बोर्ड आहे, तिथं वस्तानिया म्हणजे आठवी, फौकानिया म्हणजे दहावी, मौलवी म्हणजे बारावी असं धरतात. यूपीत पण बोर्ड आहे, त्याचा २००४ चा कायदा मधी हायकोर्टानं उडवला होता, तो नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं परत उभा केला, फक्त कामिल-फाजिलच्या, म्हणजे बारावीच्या पुढच्या, डिग्र्या तेवढ्या काढल्या. आपल्या महाराष्ट्रात असं मदरसा बोर्डच नाही. इथं पोरगं अठरा वर्षाचं होईपर्यंत आपल्याकडं शिकलं, हाफिज झालं (आख्खं कुराण पाठ केलं), तरी सरकारच्या कागदावर ते शाळेत गेलेलंच नसतं. आणि आरटीई? २०१२ साली दुरुस्ती झाली, मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्यातनं बाहेर काढल्या. आपल्या लोकांना तेव्हा आनंद झाला की चला, आपल्यात कोण ढवळाढवळ करणार नाही. बरोबर आहे, पण मग पोरगं काही मागायला पण कुणाकडं जाऊ शकत नाही, पुस्तकं नाहीत, गणवेश नाही, खिचडी नाही, काही नाही. २०१५ मध्ये तर आपल्या सरकारनं सरळ सांगितलं होतं की जिथं गणित-विज्ञान शिकवत नाहीत तिथली पोरं शाळाबाह्य मोजायची. तेव्हा आपण सगळे चिडलो, मी पण चिडले होते, मोर्चाच्या पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका मीच काढल्यात. पण राग ओसरल्यावर वाटलं, मोजणारे कसेही असूदे, पोराच्या हातात शेवटी कागद कुठला राहतो?

एक किस्सा सांगते. पूर्णियाकडचा एक पोरगा, बारा वर्षाचा, कुराणाचे चौदा पारे (भाग) पाठ. आवाज असा की ऐकत राहावं. त्याच्या आईचं पोट दुखत होतं म्हणून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं की उद्या सकाळी उपाशीपोटी या, सोनोग्राफी आहे. पोरगा चिठ्ठी हातात घेऊन आईला म्हणाला "कल बुलाया है". तेवढंच कळलं त्याला, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी आई पोटभर खाऊन गेली. परत पाठवलं. एक दिवसाची मजुरी गेली, रिक्षाचे पैसे गेले, आणि पोरगा संध्याकाळी माझ्यासमोर बसून रडला, म्हणाला, आपा मला सगळं वाचता येतं, हे का नाही येत? मी त्याला काय सांगणार. त्याच दिवसापासनं तो माझ्याकडं मराठी शिकतो, पण मगरिबच्या आधीचा तास-दीड तास तो किती, त्यात निम्मा वेळ पेन्सिल शोधण्यात जातो.

ह्यातली गंमत पण ऐका. ह्या पोरांना जेवढ्या लवकर पाढे पाठ होतात तेवढे माझ्या आख्ख्या नोकरीत कुठल्या वर्गाला झाले नाहीत. पाठांतराची सवय, तोंडानं मोठ्यानं म्हणायची सवय, झुलत झुलत. एकोणतीसचा पाढा झुलत म्हणताना मी पहिल्यांदा ऐकला आणि मग त्यांना आमच्या आजोबांच्या काळातली पावकी, निमकी, दिडकी पण शिकवली, आता ते भाजीवाल्याला अडवतात हिशोबात. आणि उच्चार! "ळ" म्हणलं की हिंदीवाल्यांची जीभ अडते, कमळचं कमल होतं, पण ज्यांनी मौलानांकडं अक्षर कुठनं काढायचं, जीभ कुठं लावायची हे घोटून घेतलंय ती पोरं दोन दिवसात "बाळ", "काळा", "मिसळ" म्हणायला लागतात. म्हणजे तुमचं शिक्षण आणि माझं शिक्षण एकमेकांच्या आड येत नाही हे मी वर्गात रोज बघतेय, आड येतंय ते टाइमटेबल.

उर्दू शाळा का नको असं कुणीतरी विचारेलच. अहो, उर्दू ही ह्या पोरांची पण भाषा नाही. किशनगंजची पोरं सुरजापुरी बोलतात, गोंड्याची अवधी, सिद्धार्थनगरची भोजपुरी, मुर्शिदाबादची बांगला. आपण मुसलमान म्हणलं की उर्दू असं धरून चालतो, आपण स्वतः घरात दखनी बोलत असून! ज्यांना उर्दूत जायचंय त्यांनी जावं. पण दोन्हीकडं परकीच भाषा शिकायची असेल तर जी भाषा एसटीच्या पाटीवर, रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या ऑफिसात आणि एमआयडीसीच्या गेटवर आहे ती आधी येऊदे.

तुमच्यापैकी एकजण म्हणाले होते, "आपा, ये लोग तो वापस जाएंगे." यावर मला वळिवड्याची आठवण होते. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठाला १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडचे निर्वासित राहिले, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि पोरं. त्यांनी तिथं आपलं चर्च काढलं, आपल्या शाळा काढल्या, पोलिश भाषेत शिकवलं. बरोबरच होतं, त्यांना परत जायचं होतं, आणि पाच वर्षात कॅम्प मोडला सुद्धा. पण त्याच जागी नंतर फाळणीतनं आलेले सिंधी निर्वासित बसले, त्यांना परत जायला गावच उरलं नव्हतं. आज तिथल्या गांधीनगरच्या बाजारात जाऊन बघा, दुकानदार घरात सिंधी बोलतो आणि गिऱ्हाइकाशी कोल्हापुरी मराठी, आपल्यापेक्षा ठसक्यात. आता आपली पोरं ह्या दोघांतली कुठली आहेत ते ठरवा. मी तर बघतेय की लोकांनी गावाकडची शेती बटईनं (वाट्यानं) दिली, रेशनकार्डावर इथली नावं लावायला धडपडतायत, आणि मागच्या वर्षी एकानं आईची मय्यत पण इथंच मिरजेच्या कब्रस्तानात दिली. आई जिथं पुरली तिथनं माणूस उठून जातो होय?

आणि परप्रांतीय परप्रांतीय म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या कॉलनीतल्या मंडळींसाठी (तुम्ही पण वाचताय मला माहितीय, मदरशाविरुद्धच्या निवेदनावर सह्या कुणी कुणी केल्यात ते पण माहितीय) दोनच गोष्टी. आपल्याच सांगली जिल्ह्यातले विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आख्ख्या देशात पसरलेत, बंगालपासनं केरळपर्यंत. तिथं ते परप्रांतीयच आहेत की. त्यांची पोरं तिथल्या शाळेत बसून तिथली भाषा शिकली आणि दिवाळीला, जत्रेला गावाकडं येऊन मराठी बोलली, कुणाचं काय वाईट झालं? दुसरं, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी पन्नास फुटाच्या वर चढलं तेव्हा सांगलीच्या गावभागातली कुटुंबं ह्याच पत्र्याच्या शेडात झोपली होती, मौलाना स्वतः पाटावर बसून कांदा चिरत होते, आणि एका आजींना कांदा-लसूण चालत नाही म्हणून वेगळी आमटी झाली होती. त्या आजींचा मुलगा सह्यांच्या यादीत आहे. असो. गाड्या लावायची आणि सकाळच्या गलक्याची तक्रार तेवढी खरी आहे, ती ट्रस्टनं सोडवावी, गेट मागच्या बाजूनं काढता येतं.

परत मुद्द्याला येते. राहायची सोय करायची तर कशी करायची ते आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय लोकांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि आपल्या पोरांसाठी बोर्डिंग उभं राहिलं. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, आपलं वेगळं. राहायचं, जेवायचं, नमाज-पूजा आपापल्या बोर्डिंगात, आणि शिकायला मात्र गावातल्या शाळा-कॉलेजात सगळ्यांबरोबर. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी तर १९२४ ला बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातीधर्माची पोरं एकाच छपराखाली ठेवली, एका पंगतीत जेवायला बसवली. तेवढं मोठं काळीज तुमच्याकडनं मी मागत नाही (मागायला पाहिजे खरं, पण एका पत्रात किती मागायचं). निदान शाहू महाराजांचं करा की. वरच्या मजल्यावर पोरं राहूदेत, फजरला (पहाटेच्या नमाजला) उठूदेत, सबक होऊदे, नाश्ता होऊदे, आणि मग दप्तर घेऊन शाळेत जाऊदेत, पाचला परत येऊदेत. आईबापाची दिवसभराची चिंता पण मिटली आणि दाखला पण जागेवर राहिला.

हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करायला, दिवसभर बसावं लागतं हे मला माहितीय. माझा सख्खा भाचा हाफिज आहे, तीन वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही आणि मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं दहावी काढली. जे पोरगं खरंच हिफ्जला बसणार आहे, ज्याची कुवत आहे आणि ज्याची स्वतःची इच्छा आहे, असे आपल्याकडं पंधरावीस असतील. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करा आणि त्यांचा दहावीचा रस्ता पहिल्या दिवशी कागदावर लिहा. पण पंधरावीस पोरांसाठी उरलेल्या पावणेदोनशे जणांचे दाखले कशाला काढायचे? मुसलमानांची परिस्थिती बघायला सरकारनं नेमलेल्या सच्चर कमिटीनं २००६ मध्येच सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुसलमान पोरांपैकी जेमतेम तीन टक्के पोरं मदरशात शिकतात, शिकणाऱ्यांतली बहुतेक साध्या शाळेत, आणि लोक मकतब (शाळा सांभाळून थोडा वेळ दीनी शिक्षण) आणि मदरसा (दिवसभराचं दीनी शिक्षण) ह्यात गल्लत करतात. आपलं हे आतापर्यंत मकतबच होतं. चांगलं चाललेलं मकतब होतं.

पैशाचं म्हणाल तर त्याचा पण विचार करून आलेय. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवायला शिक्षक ठेवला तर त्याचं मानधन सरकार देतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते डीएडवाल्याला ६ हजारावरनं १६ हजार आणि बीएडवाल्याला ८ हजारावरनं १८ हजार केलंय. अर्ज करा म्हणून मी दोन वर्षं सांगतेय. "सरकारी पैसा आया तो सरकारी साहब भी आएगा" म्हणून अर्ज होत नाही. येऊदे की साहेब! आपल्या पावत्या नीट आहेत, हजेरी खरी आहे, स्वयंपाकघर स्वच्छ आहे, आपण का भ्यायचं? उलट चार साहेब येऊन बघून गेले असते तर कॉलनीतल्या निम्म्या सह्या पडल्याच नसत्या. २००९ च्या गणपतीत मिरजेत जी दंगल झाली त्यानंतर आपण जी दारं ओढून घेतली ती अजून पुरती उघडली नाहीत असं मला कधी कधी वाटतं. हे शहर तसं नव्हतं हो. ज्या दर्ग्यात उरुसाला पहिला गलेफ (कबरीवरची चादर) चर्मकार समाजाचा चढतो आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर गाणं चालतं, त्याच्या सावलीत वाढलोय आपण.

मुलींचं राहिलं. ते शेवटी लिहितेय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. प्लॅनमध्ये वरच्या मजल्यावर मुलांच्या चार खोल्या आहेत आणि मुलींना "अलहम्दुलिल्लाह खालचं शेड" आहे. माझ्याकडं एक तेरा वर्षाची मुलगी आहे, तिच्या लहान भावाला शाळेत सोडायला म्हणून ती गेटपर्यंत रोज जाते आणि गेटबाहेर उभं राहून आतला परिपाठ ऐकते, प्रतिज्ञा पाठ झालीय तिला तशी उभ्याउभ्या. तिचं नाव कुठल्याच जनरल रजिस्टरात नाही. येत्या जूनमध्ये मी तिला शाळेत बसवणार आहे, वयाप्रमाणे, कायद्याप्रमाणे, आणि ट्रस्टच्या लेटरहेडवर एक पत्र लागेल ते तुम्ही द्याल असं मी तिच्या आईला सांगून बसलेय. तेवढी माझी लाज राखा.

येत्या रविवारी जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) मिटिंग आहे असं कळलं. मी येणार आहे. बायकांना खालच्या हॉलमध्ये पडद्यामागं बसवायची पद्धत आहे ते माहितीय, बसेन, माझा आवाज पडद्यातनं जातो, साठ साठ पोरांचे वर्ग सांभाळलेत. येताना पोरांची वर्गवार यादी आणते, कोण कुठल्या शाळेत, कुणाचा दाखला आहे, कुणाचा नाही. झाकीर हुसेनचा फॉर्म पण भरून आणते, सहीची जागा तेवढी मोकळी ठेवते. आणि चहा बिनसाखरेचा सांगा, शुगर वाढलीय.

तुमची,
पोरांची आपाबाई
मिरज